पार्श्वभूमी : ‘मर लागली’, पण कोणती?

मराठीत पिकांच्या रोगांची नावे बहुतेक डोळ्यांनी ठेवलेली आहेत. पान भाजल्यासारखे दिसले की करपा, पिठाचा हात पुसल्यासारखे पांढरे झाले की भुरी, गंज चढल्यासारखे ठिपके आले की तांबेरा, डाळिंबावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग पडला की तेल्या. या नावांत कारण सांगितलेले नसते, पण खूण असते आणि तिच्यावरून रोग बऱ्यापैकी ओळखता येतो. ‘मर’ या शब्दात खूणही नाही. काल उभे असलेले रोप आज वाळले, एवढा निकाल तेवढा त्यात आहे.

म्हणून सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत कोरेगावचा आलेवाला, आटपाडीचा डाळिंबवाला, मिरजेच्या पूर्व भागातला पानमळेवाला आणि खटावात हरभरा पेरणारा, चौघेही औषधाच्या दुकानात ‘मर लागलीय’ असेच सांगतात. चौघांच्या रानात चाललेले असते वेगवेगळे. हरभऱ्यात जमिनीतली बुरशी, आल्यात जिवाणू, पानवेलीत पाणथळीत वाढणारी तिसरीच जात, आणि डाळिंबात बुरशीबरोबर खोड पोखरणारा भुंगेराही. दुकानातून बाटली मात्र बहुधा एकच मिळते. हा घोटाळा एका शब्दाच्या पोटात कसा साठत गेला, ते पाहण्यासारखे आहे.

शब्द सरळ ‘मरणे’ या क्रियापदातून आलेला, मागे संस्कृतातला मृ धातू. मरी, महामारी आणि वेशीवरची मरीआई ही याच घरातली. बोलण्यात ‘मर’ स्त्रीलिंगी आहे: मर लागली, मर थांबली. छापील पत्रकात ती ‘मर रोग’ होते आणि पुल्लिंगी बनते. शेतकरी अजून ‘लागली’च म्हणतो. आग लागते, कीड लागते, नजर लागते, तशी ही लागते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याची जाणीव त्या क्रियापदात आहे, आणि गंमत म्हणजे ‘मर’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या प्रकारांतले काही मुळीच पसरणारे नसतात.

शिवाय हा शब्द हिशेबातही चालतो. पाच फूट बाय दीड फुटावर टोमॅटो लावायचा तर एकरी साधारण ५,८०० रोपे बसतात; ‘पाच-दहा टक्के मर धरून’ रोपवाटिकेत ६,१०० ते ६,४०० रोपांची मागणी नोंदवतात, म्हणजे आठवड्याने नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला रोपे हाताशी राहतात. कोंबडीच्या पिलांची मर, मत्स्यबीजाची मर, तीही अशीच धरलेली तूट. इथे रोगाचा संबंध नाही.

जोडशब्दात आली की मर जरा नेमकी होते. माण-खटावच्या रब्बी ज्वारीत पोंगेमर म्हणतात ती खोडमाशीची करामत. उगवणीनंतरच्या पहिल्या महिनाभरात मधला पोंगा वाळतो, बाजूची पाने हिरवी राहतात. तो पोंगा चिमटीत धरून ओढला तर अलगद हातात येतो आणि खालच्या टोकाला कुजका वास येतो. उसाच्या लहान फुटव्यांत हेच काम खोडकिडीची अळी करते. हुमणी लागलेल्या उसाचे तर अख्खे बेट वाळते आणि मुळेच खाल्लेली असल्याने उपटायला जोर लागत नाही. रोपमर वाफ्यातली: पाणी जास्त झाले, बी दाट पडले, की कोवळ्या रोपांचे बुंधे जमिनीलगत पाणचट होऊन रोपे आडवी होतात. ‘रोपे कोलमडली’ हा तिच्यासाठी जास्त चांगला शब्द आहे, कारण त्यात रोग कुठून सुरू झाला तेही कळते.

मर ही शेवटची पायरी. तिच्या आधीच्या पायऱ्यांना मराठीत स्वतंत्र शब्द आहेत आणि ते वापरात ढिले झाले असले तरी त्यांच्यातला फरक खरा आहे. मलूल हा शब्द अरबीतला, फारसीच्या वाटेने आला. मूळ अर्थ थकलेला, कंटाळलेला. तापातले पोर मलूल असते तसेच पीक मलूल दिसते: पाने जागेवर असतात, पण तजेला गेलेला. त्यानंतर माना टाकणे. यात देठ आणि शेंडा झुकतो, पान खाली लोंबते. (१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. माणूस असो वा रोप, मान हीच मराठीला पहिली दिसते.) मग सुकणे आणि सर्वांत शेवटी वाळणे. सुकणे आणि वाळणे यांतला फरक मंडईत गेले की कळतो. दुपारी सुकलेल्या मेथीच्या जुडीवर पाण्याचा हबका मारला की ती उठते. वाळवलेली मेथी डब्यात भरून ठेवतात, ती उठायची नसतेच. सुकलेले परत येते, वाळलेले येत नाही. कोमेजणे हे फुलांसाठी आणि चेहऱ्यांसाठी राखलेले; उसाचे रान कोमेजले असे कुणी म्हणत नाही.

परत येते की नाही, हाच प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला होता. पान ताठ उभे राहते ते पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबावर; सायकलची ट्यूब हवेवर असते तसे. पानातून उडणारे पाणी मुळांकडून येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त झाले की दाब उतरतो आणि मान पडते. १९१२ साली अमेरिकेत ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी जमिनीतला ओलावा कितीवर आला की झाड कायमचे सुकते, हे मोजले. सुकलेले रोप दमट, बंद हवेत ठेवूनही ताठ झाले नाही तर तो कायम कोमेजण्याचा बिंदू. आज तो जमिनीने पाणी सुमारे १५ वातावरणांच्या ताणाने धरून ठेवलेली अवस्था म्हणून मोजतात.

या आकड्याचा आपल्या दोन जिल्ह्यांत थेट उपयोग आहे. माण, आटपाडी, जतच्या मुरमाड रानात ओल या बिंदूवर पोचते तेव्हा माती हाताला कोरडीच लागते. कृष्णाकाठच्या भारी काळ्या रानात वजनाच्या वीसेक टक्के पाणी असूनही पीक त्या बिंदूवर असू शकते. मूठभर मातीचा लाडू वळतो आणि वरचे रोप मात्र सुकलेले! चिकणमातीने ते पाणी इतके घट्ट धरलेले असते की मुळांना ओढता येत नाही. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतल्या क्षारपड रानात हे आणखी लवकर होते, कारण मिठाची ओढ त्यात मिळते. पानांच्या कडा करपतात आणि पायाखाली चिखल असतो.

एके काळी कोरडवाहू पट्ट्यात पिकाने मान टाकली म्हणजे पाणी कमी पडले, यापलीकडे अर्थ काढण्याची फारशी गरज नव्हती. कृष्णा-कोयनेच्या काठावर उपसा योजना आल्या, साखर कारखान्यांनी ऊस वाढवला, आणि पुढे टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा योजनांचे पाणी दुष्काळी टापूत चढले, तसे सुकण्याचे दुसरे कारण रानात आले: पाणी जास्त होऊन मुळांची हवा कोंडणे. मुळे गुदमरली की ती पाणी ओढत नाहीत आणि झाड भर ओलीत माना टाकते. दिसायला ते तहानलेल्यासारखेच. मग वरून आणखी एक पाणी दिले जाते आणि जे दोन दिवसांत सावरले असते ते आठवड्यात मरते. या चुकीपायी जेवढी झाडे जातात तेवढी बुरशीपायी तरी जात असतील का, अशी शंका यावी इतकी ही चूक सार्वत्रिक आहे.

ती टाळायला उपकरण लागत नाही. दुपारी दोनला माना पडलेल्या दिसल्या तर निर्णय घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना जायचे. पहाटे ताठ असेल तर दुपारचे सुकणे हे उन्हाचे होते. पहाटेही पडलेले असेल तर बुंध्यापासून वीतभर अंतरावर खणून मातीचा वास घ्यायचा. कोरडी माती असेल तर पाणी. ओली असून नासल्यासारखा वास आणि तपकिरी मुळे असतील तर पाणी बंद, चर मोकळे. ओल वाफशावर (ना चिखल, ना कोरडी), मुळे वरून बरी आणि तरीही मान पडलेली, असे असेल तरच खरी मर शोधायला लागायचे.

कापसात एक प्रकार ‘आकस्मिक मर’ म्हणून ओळखला जातो, तो पाणी कमी आणि पाणी जास्त या दोहोंच्या मधला. लांब उघडीप, मग जोराचा पाऊस, आणि लगेच कडक ऊन. बोंडांनी लगडलेली झाडे काही तासांत लोंबतात. रोगजंतू कोणताच नसतो. साचलेले पाणी काढून दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून झाडाला १०० मिली आळवणी (मुळाशी ओतणे) एक-दोन दिवसांत केली तर बरीच झाडे उठतात. ‘मर’ हे नाव मिळालेली आणि तरीही परत येणारी ही एकच.

रोगाच्या अर्थाने मर शास्त्राच्या पुस्तकात गेली त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली. अमेरिकेत अर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये टोमॅटो, बटाटा, वांगे सुकवणारा जिवाणू वर्णिला आणि १८९९ मध्ये कापूस, कलिंगड, चवळी यांची मर बुरशीने होते हे दाखवले. म्हणजे एकाच दिसण्यामागे दोन वेगळे जीव आहेत, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. भारतात बिहारमधल्या पुसा येथील संस्थेत एडविन बटलर यांनी १९०६ पासून तुरीच्या मर रोगावर लिहिले आणि १९१० मध्ये त्या बुरशीला फ्युजेरियम उडम हे नाव दिले. उसाची मर १९१३ मध्ये बटलर आणि खान यांनी नोंदवली. हरभऱ्याच्या बुरशीचे वर्णन पॅडविक यांनी १९४० मध्ये केले.

या बुरशीचे वागणे कळल्यावर जुन्या पेरणीतले एक शहाणपण उघड झाले. ती मुळांतून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढते. नळ्या तुंबतात, झाड तहानेने मरते. मेलेल्या झाडाच्या धसकटांत ती वर्षानुवर्षे टिकते: तुरीची तीनेक वर्षे, हरभऱ्याची सहा वर्षांपर्यंत. ज्वारीत तुरीचे पाटे (मधल्या ओळी) टाकायची पद्धत दोन्ही जिल्ह्यांत जुनी आहे. ज्वारीच्या मुळांच्या सान्निध्यात तुरीची मर कमी राहते, हे प्रयोगांतही दिसले. सलग तूर, तीही त्याच रानात दरवर्षी, हा मर वाढवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

हरभऱ्यात ओळख कशी पटवायची ते पुस्तकांत नीट दिले आहे, पण रानात कुणी करत नाही. वाळू लागलेले (पूर्ण वाळलेले नव्हे) रोप मुळासकट उपटायचे. मूळ धुऊन, बुंध्याशी ब्लेडने उभी चीर द्यायची. मधोमध काळसर तपकिरी रेघ, बाहेरून मूळ धडधाकट, तर ती फ्युजेरियमची मर. बुंध्यावर पांढऱ्या सुताची बुरशी आणि मोहरीच्या दाण्याएवढे गोळे असतील तर ती मानकूज; ती कच्चे शेणखत आणि न कुजलेल्या काडीकचऱ्यावर पोसते. मूळ ठिसूळ होऊन शेपटी जमिनीतच राहिली, तंतुमुळे नाहीत, तर कोरडी मूळकूज. ही फुलोऱ्यानंतर, उष्णता आणि ओढ एकत्र आली की येते आणि तिला एक हलके पाणी हाच बराचसा उपाय असतो. तुरीत तर चीरही लागत नाही. बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा सालीवरच दिसतो.

खऱ्या मर रोगावर उभ्या पिकात औषध ओतण्याचा फारसा उपयोग नाही. बुरशी नळ्यांच्या आत बसलेली असते. जे काही करायचे ते पेरणीआधी: मर प्रतिकारक वाण (राहुरीच्या विद्यापीठाचे विजय, दिग्विजय हे हरभऱ्याचे वाण याच गुणामुळे टिकले), किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपकारक बुरशी) चोळून बी, आणि आठ-दहा सेंटिमीटर खोल पेरणी. उथळ पेरलेला हरभरा जास्त मरतो. रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच दिवशी एकाच बियाण्याला चोळणे म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्याने खुरपणे. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच आहे.

आल्यात तर शब्दाचा गोंधळ सर्वांत महाग पडतो. सातारा जिल्हा हा आल्याचा, बेण्याचा खर्च मोठा आणि पीक नऊ महिने जमिनीत. इथे ‘मर’ म्हणून दोन गोष्टी सांगतात. पिथियम बुरशीची कंदकूज: खालच्या पानांचे शेंडे आधी पिवळे पडतात, पिवळेपणा वर चढतो, बुंधा पाणचट होतो. जिवाणूची मर: पाने हिरवी असतानाच कडांनी वळतात आणि लोंबतात, दोन-चार दिवसांत अख्खा फुटवा जातो. पहिलीवर बुरशीनाशक चालते, दुसरीवर एक पैशाचे चालत नाही.

फरक पाहायला काचेचा पेला पुरतो. रोगट फुटव्याचा बुंध्याकडचा दोन-तीन इंचांचा तुकडा धारदार चाकूने कापावा, पेल्यात स्वच्छ पाणी घ्यावे, तुकड्याचे कापलेले टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा चिमट्याने किंवा दोऱ्याने धरावा आणि पेला हलवू नये. जिवाणू असेल तर दोन ते पाच मिनिटांत त्या टोकातून दुधाचा धागा सोडल्यासारखी पांढरट रेघ खाली उतरताना दिसते. मागे काळा कागद धरला तर आणखी स्पष्ट. बुरशीच्या मरीत पाणी निवळच राहते. टोमॅटो, वांगी, ढोबळी यांनाही हीच चाचणी चालते, कारण जिवाणू त्याच कुळातला आहे, आणि म्हणूनच आल्याआधी त्या रानात टोमॅटो घेणे टाळतात. धागा दिसला की ते बेट मातीसकट पोत्यात घालून रानाबाहेर न्यायचे, त्या गादीवाफ्याचे पाणी पुढच्या वाफ्यात जाऊ द्यायचे नाही, आणि त्या प्लॉटचे बेणे ठेवायचे नाही. पुढच्या वर्षीची मर ही बहुतेक वेळा बेण्यातूनच येते. निरोगी रानातले बेणेही लिटरला ३ ग्रॅम मॅन्कोझेबच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवतात. पण ते कंदकुजीसाठी, जिवाणूसाठी नव्हे.

डाळिंबवाले हल्ली ‘विल्ट’ म्हणतात. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची स्थापना २००५ ची. त्याच्या आधीच, नव्वदच्या दशकात, शेजारच्या विजयपूर (विजापूर) भागात ही मर गाजली आणि सिरॅटोसिस्टिस ही बुरशी मुख्य आरोपी ठरली. एक फांदी पिवळी पडते, मग दुसरी, मग झाड. खोड आडवे कापले तर लाकडात चांदणीसारखे करडे-तपकिरी डाग. खोडाच्या खालच्या भागावर टाचणीएवढी भोके आणि भुसा दिसला तर खोड पोखरणारा भुंगेराही आहे, आणि तो बुरशी पुढच्या झाडावर नेतो. मेलेल्या झाडाला औषध पाजण्यात अर्थ नसतो. आळवणी करायची ती त्याच्या चारी बाजूंच्या हिरव्या झाडांना (प्रोपिकोनॅझोल २५ टक्के, लिटरला २ मिली), मुळांच्या पसाऱ्यात झिरपेल इतकी. मधे तीन-चार फूट खोल चर काढला तर मुळांतून होणारा प्रसार अडतो. भारी जमीन, दाट लागवड आणि खोडाला टेकलेला ड्रीपर असेल तर हे सगळे करूनही पुढच्या वर्षी पुन्हा चर काढावा लागतो.

इथेच ‘ताण’ हा शब्द आठवायला हवा. बहार धरताना डाळिंब मुद्दाम तहानेला ठेवतात. पाने मलूल होऊन पिवळी पडणे हे तिथे हवे असते. मर सुरू झालेल्या बागेला ताण दिला तर दोन्ही पिवळेपणा एकमेकांत मिसळतात आणि पाणी सोडल्यावर जी झाडे फुटत नाहीत ती ताणाने गेली असे समजले जाते. ताणाआधी बागेतून फिरून एकाच फांदीवर पिवळेपणा असलेल्या झाडांना चिंधी बांधून ठेवणे, एवढी खबरदारी पुरते.

नरवाड, बेडग, आरग भागातल्या पानमळ्यांची मर फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जीवाची, ओलीत पोसणारी. वेल वर्षातून एकदा उतरवतात, तिची वळकटी करून मातीत दाबतात. तेव्हा झालेल्या जखमांतून रोग शिरतो. जुना इलाज बोर्डो मिश्रण: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगळे विरघळवून तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतायचे, आणि लोखंडी विळा त्यात बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, चुना वाढवायचा. नाहीतर मुळे भाजतात आणि मर थांबवायला ओतलेल्या औषधानेच वेल माना टाकते.

सांगलीच्या हळदीत मात्र माना टाकण्याची वाट पाहतात. आठ-नऊ महिने झाले की पाने पिवळी होऊन लोळतात आणि ‘हळदीनं पाला टाकला’ असे समाधानाने सांगतात. मग पाणी तोडायचे, पाला जमिनीलगत कापायचा आणि काढणीची तयारी करायची. हाच पाला नोव्हेंबरात पडू लागला तर एखादा गड्डा उकरून चिमटीत दाबून पाहतात. टणक असेल तर पाण्याचा प्रश्न. बोट आत गेले तर कंदकूज.